अडचणीच्या जागेतली बॅटरी: मोटरसायकलची बॅटरी काढायची आणि परत बसवायची कशी

बॅटरी निघते दहा मिनिटांत. परत बसवायला घेतली की तास जातो, आणि त्यातला अर्धा वेळ एक चौकोनी नट शोधण्यात. सीटखालचा खळगा बॅटरीच्या मापाचाच असतो. बोटं आत जात नाहीत, पाना फिरवायला जागा नसते, आणि प्लसच्या टर्मिनलपासून बोटभर अंतरावर गाडीची उघडी फ्रेम असते. अशा वेळी लोक जोर लावतात. जोर लावून इथे काहीच होत नाही. काढताना पुढच्या जोडणीचा विचार केला असेल तर सगळं सोपं जातं, नाहीतर नट हरवतो, थिंबल (केबलच्या टोकाची, बोल्टसाठी भोक असलेली धातूची पट्टी) वाकतं किंवा पाना फ्रेमला चिकटून चकमक उडते.

खालचा क्रम बदलू नका. कुठलीही पायरी गाळायची असेल तर आधी ती का आहे ते वाचा.

१. बॅटरी कुठली आहे ते ओळखा

गाडी खोलण्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात.

बॅटरी पाण्याची आहे का? बाजूला वरची आणि खालची रेघ, वर सहा बुचं आणि एका कडेला बारीक रबरी नळी दिसली तर पाण्याची. ती तिरकी करायची नाही, आत पातळ केलेलं गंधकाम्ल असतं. बुचं नसलेली, सीलबंद बॅटरी असेल तर काम सोपं. लिथियमची असेल तर ती उचलल्याबरोबर कळतं, कारण त्याच मापाच्या शिशाच्या बॅटरीच्या तुलनेत ती खूपच हलकी लागते. तिच्या चार्जरचा मुद्दा पुढे आहे.

प्लस कुठल्या बाजूला आहे? नवीन बॅटरी बसवणार असाल तर हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. वायटीएक्स १४-बीएस आणि वायटीएक्स १४एल-बीएस या दोन्हींचा डबा एकाच मापाचा. पण टर्मिनल आपल्याकडे करून धरलं तर पहिल्यात प्लस डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे. मधलं एक ‘एल’ वाचायचं राहिलं की नवी कोरी बॅटरी खळग्यात बरोबर बसते आणि केबल पोचत नाही. मग कोणीतरी केबल ताणतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे जी केबल जिथे पोचते तिथे लावून टाकतो. उलटी जोडली तर मुख्य फ्यूज उडाला हे नशीब समजायचं. रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करणारा भाग) आणि इंजिनचा कॉम्प्युटर जाऊ शकतो.

टर्मिनलचा बोल्ट वरून लागतो की समोरून? बऱ्याच बॅटऱ्यांच्या टर्मिनलला दोन्हीकडे भोक असतं. हे आत्ताच बघून ठेवा, बसवताना उपयोगी पडणार आहे.

२. हत्यारं आधी, पाना नंतर

आखूड दांड्याचा फुली पेचकस, टर्मिनलच्या बोल्टच्या मापाचा पाना (बहुतेक ८ किंवा १० मिमी), लांब नाकाची पक्कड, पितळी ब्रश किंवा पॉलिश पेपर, मल्टिमीटर, पेट्रोलियम जेली, जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा, इन्सुलेशन टेप, दोन कापडं आणि स्क्रू ठेवायला वाटी. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. पाण्याची बॅटरी असेल तर शेजारी बादलीभर पाणी.

पान्याचं एवढंच टोक उघडं ठेवा, जे बोल्टवर बसतं. बाकी दांडीला टेपचे तीन-चार वेढे द्या. पेचकसाच्या दांडीलाही तसेच. हा वेळ वाया जात नाही. माझ्या दहाच्या पान्यावर अजून एक खळगा आहे, तांदळाच्या दाण्याएवढा, वितळून झालेला. प्लसवर पाना आणि पान्याचं शेपूट फ्रेमला, एवढंच झालं होतं. लहानशी दिसणारी बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली की शंभराच्या वर अँपिअर ओतते.

अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. ते मनगटावर असतं तेव्हा पान्याचंच काम करतं.

३. गाडी उभी करा, फोटो काढा

गाडी सपाट जागी मुख्य स्टँडवर. फक्त साइड स्टँड असेल तर हँडल लॉक करा आणि गिअरमध्ये ठेवा. चावी बंद करून बाहेर काढा. काही गाड्यांचा कॉम्प्युटर चावी बंद केल्यावरही थोडा वेळ जागा असतो, म्हणून दोन-तीन मिनिटं जाऊ द्या.

सीट आणि बाजूचं पॅनेल काढा. बॅटरी दिसली की हात न लावता फोटो काढा: एक वरून, एक प्लसच्या बाजूने, एक मायनसच्या बाजूने, आणि एक केबल कुठून कशी वळून येते त्याचा. शेवटचा फोटो लोक काढत नाहीत, आणि बसवताना तोच हवा असतो. अडचणीच्या जागेत केबलला जायला एकच वाट असते. ती चुकली की झाकण बसत नाही, किंवा बसतं आणि खाली वायर चेपते.

टर्मिनलवर मूळ केबलखेरीज आणखी बारीक वायरी असतील (मोबाइल चार्जर, जादा दिवे, हॉर्नचा रिले) तर प्रत्येकीवर टेपचा तुकडा लावून ‘प्लस’ किंवा ‘मायनस’ लिहा. जादा बसवलेल्या वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नका. काळ्या वायरीने प्लस नेलेला मी पाहिला आहे.

थांबा: सीटचं कुलूप विजेवर उघडणारी गाडी असेल तर बॅटरी बाहेर असताना सीट लावून टाकू नका. आत जायची वाट बंद होईल.

४. आधी मायनस

नेहमी मायनस आधी निघतो. कारण साधं आहे. गाडीची फ्रेम मायनसला जोडलेली असते. मायनस सोडवताना पाना फ्रेमला लागला तर काही होत नाही, दोन्ही एकच. मायनस सुटल्यावर प्लस सोडवताना पाना फ्रेमला लागला तरी काही होत नाही, कारण वाट तुटलेली असते. क्रम उलटा केला की पान्याच्या प्रत्येक हालचालीला जोखीम.

काम सुरू करण्याआधी प्लसच्या टर्मिनलवर कोरडं कापड किंवा रबर टाका. मग मायनसचा बोल्ट एका हाताने फिरवा आणि दुसऱ्या हाताचं बोट नटाखाली ठेवा. बोल्ट पूर्ण सुटला की नट घसरतोच. बोट जात नसेल तर नटाखालच्या फटीत कापडाचा बोळा कोंबा, म्हणजे नट पडला तरी तिथेच अडकेल.

केबल सुटल्यावर बाजूला वाकवून टेपने बांधा. नुसती बाजूला सारलेली केबल स्प्रिंगसारखी परत येते आणि टर्मिनलला टेकते.

मायनस बॅटरीच्या मागच्या, भिंतीकडच्या बाजूला असेल आणि पाना तिथे जातच नसेल तर? जाडी काळी केबल बोटाने चाचपत जा. दुसरं टोक इंजिनला किंवा फ्रेमला एका बोल्टने बांधलेलं सापडेल. बहुतेक वेळा ते मोकळ्या जागेत असतं. तिथून सोडलं तरी तेच काम होतं. मग टोकाला टेप गुंडाळून फ्रेमपासून लांब बांधा.

तपासा: मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं टोक फ्रेमच्या रंग नसलेल्या बोल्टवर. काटा शून्याच्या आसपास हवा. अजून बारा व्होल्ट दिसत असतील तर बॅटरीचा मायनस फ्रेमला अजून कुठूनतरी जोडलेला आहे, बहुधा जादा बसवलेल्या एखाद्या बारीक वायरीने. ती शोधून सोडल्याशिवाय प्लसला हात लावू नका. प्लस फ्रेमला टेकला तर सगळा करंट त्या बारीक वायरीतून जाईल आणि ती आधी लाल होईल, मग जळेल.

५. मग प्लस

लाल रबरी टोपी मागे सरकवा, पण फाडू नका, ती परत लागणार आहे. बोल्ट सोडवा, नटाखाली बोट किंवा कापड तसंच. काही गाड्यांत बॅटरी अर्धी बाहेर ओढल्याशिवाय प्लस दिसतच नाही. चालेल, मायनस सुटलेला आहे. पट्टा काढून बॅटरी हळूच पुढे घ्या आणि पाना जाईल एवढी जागा झाली की थांबा. केबल ताणली जाईपर्यंत ओढू नका. थिंबलच्या मुळाशी वायरीचे बारीक तंतू असतात, ते तुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. महिन्याने सेल्फ मारताना नुसतं टक-टक होतं आणि दोष बॅटरीला दिला जातो.

केबल सुटली की थिंबलवर टोपी परत चढवून टेप लावा.

बोल्ट आणि नट लगेच वाटीत. किंवा, मला हे जास्त बरं वाटतं, नट-बोल्ट त्याच टर्मिनलवर दोन आटे फिरवून ठेवा.

६. बाहेर काढणं

रबरी पट्टा वयाने कडक झालेला असतो. एका टोकाने ओढून सोडला तर तोंडावर येतो. हुक पक्कडीने धरा, दुसऱ्या हाताने पट्टा दाबून ठेवा.

पाण्याची बॅटरी असेल तर बाजूची हवेची नळी आधी सोडवा. नळी गाडीतच राहू द्या, बॅटरी तेवढी वर घ्या. नळी विसरून बॅटरी उचलली तर बॅटरीची तोटी तुटते, आणि तोटी तुटलेल्या बॅटरीतून ॲसिड थेट फ्रेमच्या रंगावर पडतं.

बॅटरी सरळ वर येत नसेल तर ती कशाला अडते ते टॉर्च लावून बघा. बहुधा स्टार्टर रिले किंवा फ्यूजचा डबा असतो, आणि तो रबराच्या खाचेतून नुसता वर ओढला की निघतो. पेचकसाने बॅटरी उचकटू नका. डब्याचं प्लॅस्टिक तडकतं आणि तडा खालच्या बाजूला असतो, तिथे कोणी बघत नाही.

थांबा: ॲसिड अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं पाणी मारत राहा आणि तडक डॉक्टरकडे जा.

७. बॅटरी बाहेर असताना

खळगा पुसून घ्या. तळाच्या रबरी चकत्या जागेवर आहेत का बघा. त्या नसतील तर प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट आतल्या प्लेटांना बसतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने लावा, फेस थांबला की ओल्या कापडाने पुसा. पाण्याच्या बॅटरीची बुचं घट्ट आहेत याची आधी खात्री करा, सोडा आत गेला तर तिथलं ॲसिड मरतं. मग थिंबल आणि टर्मिनल पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. शिसं मऊ असतं, चार-पाच हात पुरतात.

आता व्होल्टेज. चार्जिंगनंतर किंवा गाडी चालवल्यानंतर काही तास तशीच ठेवलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली असेल तर चार्ज केल्याशिवाय बसवू नका. हे आकडे शिशाच्या बॅटरीचे, लिथियमची भरलेली असताना १३ च्या वर असते. शिशाच्या बॅटरीला चार्जर लावताना क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याचा करंट ठेवा: ९ एएचच्या (अँपिअर-अवर, क्षमतेचं माप) बॅटरीला ०.९ अँपिअर. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून खिडकी उघडी आणि जवळ ठिणगी किंवा ज्योत नको. लिथियमच्या बॅटरीला तिच्यासाठीचाच चार्जर लागतो. जुन्या बॅटरीला झटके देऊन जागं करणारे चार्जर तिला लावायचे नाहीत.

पाण्याच्या बॅटरीत पातळी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड पाणी, वरच्या रेघेपर्यंत. ॲसिड घालायचं नसतं. बाष्प होऊन पाणीच गेलेलं असतं.

८. नट उचलून धरा (इथे सगळे अडकतात)

टर्मिनल म्हणजे शिशाची एक छोटी पेटी. चौकोनी नट तिच्यात बाजूने सरकवलेला असतो, त्याला खालून आधार नसतो. बॅटरी खळग्यात गेल्यावर तुम्ही वरून थिंबल ठेवता, बोल्ट घालता, पेचकस दाबता, आणि नट खाली बसतो. बोल्ट पोचत नाही. अजून दाबलं की नट बाजूने निसटतो आणि चेनच्या दिशेने जातो. एकदा मी तो शोधायला मागचं चाक काढलं होतं. तो बॅटरीच्या पट्ट्याच्या घडीत होता.

उपाय बॅटरी बाहेर असतानाच करायचा. सायकल ट्यूबची घडी करून पेटीत नटाखाली कोंबा. जाडी एवढी हवी की नट वरच्या भोकाला टेकून राहील आणि बोटाने दाबल्यावर जेमतेम हलेल. स्पंजही चालतो, पण तो ओल धरून ठेवतो आणि तिथेच बुरशी धरते. रबर तसंच आत राहू द्या, पुढच्या वेळी उपकार होतील.

आता बोल्ट हाताने लावून बघा. केबल नसताना पहिला आटा लगेच पकडला पाहिजे. बॅटरी टेबलावर असताना पकडत नसेल, तर खळग्यात तर नक्कीच पकडणार नाही.

वरून पेचकस जाणार नसेल पण बाजूचं पॅनेल निघालेलं असेल तर समोरच्या भोकाचा विचार करा. नट उभा लावायचा, रबर त्याच्या मागे. बॅटरी जागेवर असतानाही समोरून सरळ पेचकस बसतो. मात्र थिंबल समोर आल्यावर पॅनेलला लागत नाही ना, ते बघून घ्या.

मूळ बोल्ट हरवला म्हणून लांब बोल्ट वापरू नका. तो पेटीच्या तळाला टेकतो, पाना घट्ट लागतो, तुम्हाला वाटतं झालं. थिंबल मात्र सैलच असतं.

९. आत ठेवणं

दोन्ही केबल टेपने बाजूला बांधलेल्या असू द्या. फोटो समोर ठेवा. प्लस कुठे आहे ते मोठ्याने म्हणा, हसू येईल पण चूक होणार नाही. बॅटरी सरळ खाली सोडा. शेवटचं बोटभर अंतर जात नसेल तर खाली वायर अडकली आहे. दाबू नका, बाहेर काढून बघा.

पाण्याच्या बॅटरीची नळी लावा. ती मुरडलेली नको आणि तिचं खालचं टोक चेन, केबल आणि रंगापासून लांब, मोकळ्या हवेत हवं. नळी चेपली तर आत वायूचा दाब वाढतो आणि बॅटरी फुगते.

पट्टा आत्ताच लावू नका. जोडणी करताना बॅटरी किंचित हलवता आली तर बरं पडतं.

१०. जोडणी: आधी प्लस, मग मायनस

काढतानाचा क्रम उलटा. मायनसवर कापड टाका. प्लसवर जाडी मूळ केबल शिशाला थेट टेकेल अशी ठेवा, बारीक वायरी तिच्यावर. सेल्फचा करंट बारीक थिंबलमधून जाता कामा नये.

बोल्ट पेचकसाच्या टोकावर ग्रीसच्या ठिपक्याने चिकटवा आणि खाली न्या. पहिले दोन-तीन आटे बोटानेच. आडवा पडला तर नटाचे आटे जातात. मग घट्ट करा, पण शिसं आहे हे लक्षात ठेवून. पाना टेकल्यानंतर छोटासा हिसका पुरे. लाल टोपी लगेच चढवा, ती चढेपर्यंत मायनसला हात नाही.

आता मायनस. केबल टेकताना बारीकशी ठिणगी दिसू शकते, गाडीतले कपॅसिटर भरतात, त्यात काही नाही. मोठी चकमक उडाली किंवा वायर गरम लागली तर ताबडतोब केबल मागे घ्या. चावी चालू राहिली आहे, कुठेतरी शॉर्ट आहे, नाहीतर केबल उलट्या लागल्या आहेत.

तपासा: दोन्ही थिंबलं बोटाने फिरवून बघा. जराही फिरता कामा नयेत. मग वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. जेली घट्ट केल्यानंतर लावायची, थिंबलखाली नाही.

११. सीट लावण्याआधी

पट्टा लावा. चावी चालू करा, दिवे बघा, मीटरची टोकं जेलीने माखलेल्या बोल्टवर नाही तर शिशावर टेकवा आणि सेल्फ मारा. शिशाच्या बॅटरीचा आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे. आकडा ठीक पण सेल्फ मरगळलेला असेल, तर मीटरचं एक टोक शिशावर आणि दुसरं त्याच टर्मिनलच्या थिंबलवर ठेवून पुन्हा सेल्फ मारा. इथे जवळपास शून्य यायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर जोड खराब आहे, परत उघडून घासा.

इंजिन चालू झाल्यावर मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यावेत. गाडीच्या पुस्तकातला आकडा वेगळा असेल तर तोच खरा धरा.

आणि शेवटी सीटचा तळ. नवीन बॅटरी केसभर उंच असेल किंवा बोल्टचं डोकं वर आलं असेल तर सीटचा पत्रा टर्मिनलला टेकतो. एकट्याने बसल्यावर नाही, मागे कोणी बसलं की. टर्मिनलच्या टोपीवर मऊ मातीची गोळी ठेवून सीट लावा, वर बसा, उठा, सीट काढा. गोळी पार चपटी झाली असेल तर बोल्ट आडवा लावा किंवा तळाचं रबर तपासा. पान्यांची पिशवी बॅटरीवर ठेवायची सवय असेल तर ती आजपासून दुसरीकडे.

घड्याळ लावून घ्या. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा आयडल (ॲक्सिलरेटर न देता इंजिन फिरण्याचा वेग) पहिले काही किलोमीटर थोडा वर-खाली होतो, नंतर बसतो. आठवड्याभराने एकदा सीट उघडून दोन्ही बोल्ट हाताने चाचपा. शिसं दाबाखाली किंचित बसतं, आणि पहिल्यांदा सैल होणारा बोल्ट बहुधा मायनसचा असतो, कारण तो लावेपर्यंत आपण कंटाळलेलो असतो.